रतनकाकीची अर्धी गोळी

‘आ कर,’ रतनकाकी म्हणाली.

मी आ केला. काजू सोलायच्या बुटक्या सुरीच्या टोकावर अर्धी पांढरी गोळी होती. ती तिनं माझ्या जिभेवर ठेवली, तांब्या पुढे केला आणि उरलेली अर्धी स्वतःच्या तोंडात टाकली.

‘गिळलंस?’

‘गिळली.’

‘मगे बस आता गप. दुपारपर्यंत तुझी कंबर तुका विसरतली.’

मला सातवा संपत आला होता. वेंगुर्ल्याजवळच्या एका काजूच्या कारखान्यात मी सोलणीला बसायची. वाफवून, फोडून, भट्टीत सुकवून आलेल्या गरांवरची तांबूस साल सुरीनं खरवडायची आणि अख्खा गर एकीकडे, अर्धी पाकळी एकीकडे, तुकडा एकीकडे ठेवायचा. काम सोपं. पण बसून करायचं, वाकून करायचं. पोट मांडीवर टेकायला लागलं तशी कंबर सकाळी दहालाच रडायला लागायची.

त्या शेडमध्ये पंखा नव्हता. लावला तर साली उडतात. तरी त्या उडायच्याच. पश्चिमेच्या खिडक्यांतून ऊन आत आलं की हजारो तांबूस साली त्या उजेडात तरंगत राहायच्या, खाली यायचं विसरल्यासारख्या. केसांवर बसायच्या, पापण्यांवर बसायच्या. बायका एका सुरात खरवडत असायच्या, तो आवाज लांबून ऐकला तर झाडावर पाऊस पडतोय असं वाटावं. मी अर्धी जागी, अर्धी झोपेत असायची. आत कोणीतरी पाण्याखालून बोट फिरवल्यासारखं हळूच वळायचं आणि मी सुरी थांबवायची.

‘हललां?’ काकी खाली बघूनच विचारायची.

‘हो.’

‘मगे तू कित्याक थांबलंस? तेका हलू दे, तू सोल.’

रतनकाकी साठीची. तीन झिलगे, म्हणजे मुलगे, वाढवलेली, तिघेही मुंबईला. सोलणीत तिचा हात इतका चालायचा की मुकादमही तिच्याशी जपून बोलायचा. तिनं मला पहिल्याच दिवशी आपल्या शेजारी ओढून बसवलं होतं. ‘घाटावरची चेडू,’ ती म्हणाली होती, ‘हिका माशे खावक शिकवूक होये.’ चेडू म्हणजे पोरगी; माझं माहेर घाटावरचं, गडहिंग्लजकडचं. नवरा, दिगंबर, गोव्यात एका हॉटेलात कामाला, शनिवारी रात्री यायचा आणि रविवारी दुपारी जायचा. घरात तिसरं कोणी नव्हतं. म्हणजे कागदावर नव्हतं. प्रत्यक्षात पेज जिरली का, पाय सुजले का, रात्री कुशीवर झोपलीस का, हे सगळं रोज सकाळी विचारणारी काकी होती.

आमच्या पाटाची एक रीत होती. पाट म्हणजे सहा बायकांचं एक लांब बुटकं टेबल. दहाच्या सुट्टीत कोणाचाही डबा, कोणाचीही पुडी त्या पाटावरच उघडायची आणि जे निघेल त्याचे सहा वाटे व्हायचे. करंदीची चटणी, आंब्याची फोड, मुंबईहून आलेलं एखादं चॉकलेट, सगळं त्या बुटक्या सुरीनं कापलं जायचं. एकदा एकीनं लेकराचा वाढदिवस म्हणून एकच लाडू आणला होता, त्याचे सहा वाटे काकीनं असे केले की काटा लावला असता तरी फरक निघाला नसता. कोणी वाटा नाकारला तर ते त्या बाईला लागायचं. दिवसभर तिच्या सुरीचा आवाज वेगळा यायचा.

गोळीही त्याच पाटावर आली. काकीला गुडघ्यासाठी डॉक्टरनं दिलेली. खाटकन दोन पाकळ्या झाल्या, एक तिला, एक मला.

दुपारी खरंच कंबर मला विसरली.

कसं सांगू! इतके दिवस मी एका दुखण्याभोवती बसत होते, उठत होते, झोपत होते. ते दुखणं उठून कुठंतरी निघून गेलं आणि त्याच्या जागी उजेड आला. संध्याकाळी घरी चालत जाताना दोन्ही बाजूंच्या काजूच्या बागा, वाळलेली पानं, लांबवर समुद्राचा गुणगुणता आवाज, सगळं मला नव्यानं कळत होतं. त्या रात्री मी पाठीवर हात न ठेवता भांडी घासली. झोपले ती पहाटेपर्यंत.

अर्धीची आठवडाभरात एक झाली. मग सकाळी एक, दुपारी एक. काकी पट्टीतून दोन-दोनचे तुकडे कातरून माझ्या रुमालाला गाठ मारून द्यायची. ‘रात्रीक दुखला तर असूं दे.’

‘तुला कमी पडतील ना, काकी?’

‘कमी कशाक? दुकानार जुनी चिठ्ठी दाखवलंय की तो देता. शिरा पडो त्या दुखण्यार, आपण दोघा मिळान तेका बगूया.’

तीन आठवडे गेले. तो सगळा काळ आज आठवते तेव्हा मला तो मधासारखा दिसतो, सोनेरी आणि सावकाश. बाळसुद्धा शांत झालं होतं. आधी दुपारी लाथा मारायचं, आता क्वचित हलायचं. मला वाटायचं, माझं दुखत नाही म्हणून तेही निवांत आहे. आम्ही दोघं एकाच झोपेत आहोत. मी पोटावर हात ठेवून त्याला म्हणायची, झोप बाळा, झोप.

दर महिन्याच्या तपासणीला मी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात जायची. या खेपेला डॉक्टर मॅडमनी पोटाला टेप लावली, परत लावली, आणि मला सोनोग्राफीच्या खोलीत पाठवलं. खोलीत अंधार होता. पडद्यावर करडं धुकं हलत होतं. मॅडम यंत्र पोटावर पुढे-मागे फिरवत राहिल्या.

‘पाणी कमी झालंय,’ त्या म्हणाल्या. ‘बाळाभोवतीचं. हलतंय का नीट?’

‘हलतंय. थोडं कमी.’

‘थोडं म्हणजे?’

मी मोजलं नव्हतं. झोपलेल्याला कोण मोजतं?

‘कुठलं औषध चालू आहे तुझं?’

‘तुम्ही दिलेली लोहाची गोळी. कॅल्शियम.’

‘आणखी काही?’

‘नाही, मॅडम.’

मी खोटं बोलले नव्हते. हे मला आजही कोणाला तरी पटवून द्यावंसं वाटतं. औषध म्हणजे दवाखान्यात मिळतं ते. वर नाव लिहिलेल्या पाकिटातलं. जे माझ्या कार्डावर टिपलेलं आहे ते. काकीचा वाटा मला त्या प्रश्नात दिसलाच नाही.

‘भरपूर पाणी पी. डाव्या कुशीवर झोप. शुक्रवारी ये,’ मॅडम म्हणाल्या. ‘शुक्रवारी आणखी कमी दिसलं तर मी तुला जिल्ह्याला पाठवणार. कदाचित बाळ लवकर बाहेर काढावं लागेल. आता बाहेर आलं तर काचेच्या पेटीत ठेवावं लागेल, आणि मग आपल्या हातात फार काही नसतं. समजतंय का?’

समजत होतं. परतीच्या एसटीत मी खिडकीशी बसले होते आणि बाहेरची झाडं, पाणंद, भातखाचरं सगळी त्या पडद्यासारखी करडी दिसत होती.

दुसऱ्या दिवशी काकीनं सगळं ऐकलं. सुरी खाली ठेवली. उठली, बाहेर गेली, आणि शहाळं घेऊन आली.

‘पाणी होया तर पाणी पी. आमच्या वेळार कोण बगी होता पाणी कमी की जास्त? माजे तिनय झील घरातच झाले.’ मग माझ्या पाठीवर हात फिरवून म्हणाली, ‘काळजीन कंबर भरान इली असतली तुझी. थांब.’

आणि तिनं मला आणखी एक गोळी दिली. मी शहाळ्याच्या पाण्यासोबत घेतली.

शुक्रवारी पाणी आणखी कमी होतं.

मॅडम फोनवर बोलायला बाहेर गेल्या. ‘अँब्युलन्स’ एवढं ऐकू आलं. मी बाकावर बसले होते. दिगंबरला फोन लावला तर तो उचलत नव्हता, हॉटेलात दुपारच्या वेळी फोन बंद ठेवावा लागायचा. शेजारी लोबो सिस्टर येऊन बसल्या. पन्नाशीच्या, जाड चष्म्याच्या, अख्ख्या तालुक्यातल्या पोरांना नावानं ओळखणाऱ्या.

‘जेवलंस?’ त्यांनी विचारलं.

मी नाही म्हणून मान हलवली.

‘रडू नको. माका सांग, दिवसभर तू खातंस तरी काय? सकाळी उठल्यापासून सांग. सगळा. पानपाणी, चाय, चटणी, काय ता.’

मी सांगायला लागले. बोलत राहिलं की रडू येत नव्हतं. ‘सकाळी चहा, बटर. मग पेज. कारखान्यात दहा वाजता काकीची गोळी, कोणाची भाजी असेल ती, आंब्याचा हंगाम म्हणून एक फोड. जेवणात भात, कोकमाची कढी. तीन वाजता परत काकीची गोळी, काळा चहा—’

‘थांब,’ सिस्टर म्हणाल्या. ‘कसली गोळी? लिमलेटाची?’

‘नाही हो. कंबरेची. म्हणजे काकीच्या गुडघ्याची.’

सिस्टरनी चष्मा काढला. ‘आसा ती तुझ्याकडे?’

मी रुमालाची गाठ सोडली. दोन गोळ्यांचा चांदीच्या कागदाचा तुकडा. सिस्टर तो घेऊन जवळजवळ पळत आत गेल्या. थोड्या वेळानं मॅडम बाहेर आल्या, माझ्यासमोर स्टूल ओढून बसल्या. रागावतील असं वाटलं होतं. त्यांचा आवाज उलट खाली आला होता.

‘किती दिवस?’

‘तीन आठवडे.’

‘रोज किती?’

‘आधी अर्धी. आता दोन. कधी तीन.’

‘सारिका, बाळाभोवतीचं पाणी कुठून येतं, माहिती आहे?’

मला माहिती नव्हतं.

‘बाळाची शू असते ती. बाळ ते पाणी पितं, शू करतं, पुन्हा पितं. ही गोळी तुझ्या रक्तातून त्याच्याकडे जाते आणि त्याची मूत्रपिंडं निजवते. शू नाही, तर पाणी नाही. त्याच्या हृदयापाशीही एक वाट असते, जन्मापर्यंत उघडी राहायला हवी अशी. ही गोळी ती वाटही मिटवू शकते. ती मी मघाशी पडद्यावर बघितली, अजून उघडी आहे.’

म्हणजे ते माझ्यासोबत सुखानं झोपलेलं नव्हतं. त्याला मी झोपवत होते.

‘गोळी वाईट आहे का?’ मी विचारलं. मला काकीसाठी विचारायचं होतं.

‘नाही. ज्याला दिली त्याच्यासाठी, तितकेच दिवस, जेवणानंतर, तर चांगली आहे. त्या बाईंचं वय बघून, पोट बघून, गुडघा बघून कोणीतरी लिहिलेली. ती तुझी नव्हतीच. आजपासून बंद. कंबरेसाठी काय घ्यायचं ते मी सांगेन, मला विचारल्याशिवाय साधी गोळीसुद्धा नाही. मी आत्ताच वरच्या डॉक्टरांशी बोलले. कारण सापडलंय म्हणून पाच दिवस थांबायचं, इथंच, माझ्या डोळ्यांसमोर. रोज ठोके बघू. पाणी परत आलं तर छान. नाही आलं तर अँब्युलन्स दारातच आहे.’

संध्याकाळी काकी आली. हातात पेजेचा डबा, केसांत अजून दोन-तीन साली.

‘घाटावरची चेडू पलंगार निजान रवली!’ ती दारातूनच म्हणाली. ‘आमी थंय मरतोंव सोलून. कंबर दुखता काय? मी हाडलंय—’ आणि कमरेचा बटवा सोडायला लागली.

‘काकी, नको.’

‘घे गो.’

‘काकी, त्या गोळीनंच झालंय.’

मी सांगितलं. मॅडमनी सांगितलं होतं तसं, शब्द न गाळता, कारण गाळला असता तर ते खोटं झालं असतं. बाळाची शू, निजलेली मूत्रपिंडं, पाच दिवस. सांगताना मी तिच्याकडे बघत नव्हते, पेजेच्या डब्याकडे बघत होते.

काकीनं बटव्यातला हात बाहेर काढून बघितला. मग म्हणाली, ‘माज्या हातान?’

‘तुला माहीत नव्हतं, काकी. मलाही नव्हतं.’

‘माज्या हातान आ करूक लावलंय तुका.’

तिनं बटवा परत कमरेला खोचला. डबा उशाशी ठेवला. झाकण नीट बसलंय का ते दोनदा दाबून बघितलं आणि गेली. पायऱ्यांवरून उतरताना तिचा दुखरा पाय घसरल्यासारखा वाजला.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. पेजेचा डबा मात्र रोज सिस्टरच्या हातून आत यायचा, गरम. मी विचारलं की सिस्टर म्हणायच्या, ‘कोण तरी देऊन गेला.’

ते दिवस फार लांब होते. कंबर परत आली होती, सगळ्या रागासकट. पण मला ते दुखणं आता हवंसं वाटत होतं. त्यात मी जागी होते. निरोप मिळाल्यावर दिगंबर गोव्याहून आला; जमिनीवर चटई टाकून पडायचा. हॉटेलवाल्यांनी नोकरी गेली म्हणून सांगितलं होतं. तो म्हणाला, ‘जाऊ दे.’ आम्ही दोघं रात्रभर जागून एकाच गोष्टीची वाट बघायचो. चौथ्या दिवशी पहाटे, कावळे ओरडायच्या आधी, बरगडीच्या खाली एक लाथ बसली. अशी बसली की माझ्या तोंडून आवाज निघाला. मी दिगंबरचा हात ओढून तिथं ठेवला. दुसरी लाथ त्याच्या तळहातावर बसली. तो हात तसाच ठेवून बसून राहिला, उजाडेपर्यंत.

पाचव्या दिवशी पडद्यावरच्या करड्या धुक्यात काळे कोपरे दिसत होते. ‘हे बघ,’ मॅडम म्हणाल्या, ‘काळं दिसतंय ना, ते पाणी. पाच सेंटीमीटरवरून नऊवर आलंय.’ मग त्या स्वतःशीच हसल्या. ‘शू करायला लागलंय लबाड.’

मी बाहेर आले तेव्हा लोबो सिस्टर कोणाचं तरी मनगट धरून तिला आत ओढत होत्या.

‘चार दिवस ही बाय पायऱ्यांर बसान आसा! आत येवक तयार नाय. म्हणता, मी इलंय तर परत कायतरी होतला.’

काकी होती. आज तिच्या केसांत साली नव्हत्या. म्हणजे चार दिवस ती कामावरच गेली नव्हती. तिनं माझ्याकडे बघितलं नाही, मॅडमकडे बघितलं.

‘इला?’ तिनं विचारलं. ‘पाणी इला?’

‘आलं, काकी,’ मॅडम म्हणाल्या. ‘आता तुम्ही इकडे बसा. तुमच्या गोळ्या किती दिवस चालू आहेत?’

‘मी सोडलंय. त्याच रात्री व्हाळात टाकलंय.’

‘त्याआधी किती दिवस?’

‘तुळशीच्या लग्नापासून.’

‘डॉक्टरांनी किती दिवस सांगितल्या होत्या?’

काकीनं पदर सारखा केला. मग म्हणाली, ‘धा.’

‘जेवून घ्यायच्यात?’

‘सकाळी खंय जेवाण? काळ्या चायबरोबर.’

‘शौचाला काळं होतं का?’

‘इश्श! हो काय प्रश्न?’ काकी लाजून दुसरीकडे बघू लागली. मग हळूच म्हणाली, ‘होता. माका वाटला, नाचण्यान.’

सिस्टरनी तिची खालची पापणी ओढून मॅडमना दाखवली. आतून ती कागदासारखी पांढरी होती.

‘माजा काय बगतात? मी थोडीच पोटुशी आसंय!’

‘या गोळ्यांनी पोटात जखम होऊन आतून रक्त जातंय तुमच्या,’ मॅडम म्हणाल्या. ‘थोडं थोडं, रोज. अजून दोन महिने गेले असते तर तुम्हाला इथं झोळीतून आणलं असतं. आजच रक्त तपासायचं.’

काकी उठायला लागली. ‘माका काम आसा.’

मी तिच्या समोर जाऊन उभी राहिले. पोट इतकं पुढे होतं की तिला वाट नव्हती. ‘काकी,’ मी म्हणाले, ‘हात पुढे कर.’

तिनं केला. सिस्टरनी सुई घातली तेव्हा ती तोंड फिरवून माझ्या पोटाकडे बघत होती. लांबूनच.

आमची मुलगी दिवस पूर्ण भरून झाली. खणखणीत रडली. काकीची पोटाची जखम भरायला दोन महिने लागले, पण भरली. ती दवाखान्यात आली, घरी आली, डिंकाचे लाडू घेऊन आली, दाराशी बसून गेली. बाळाला मात्र हात लावला नाही. ‘माजे हात खरबरीत,’ म्हणायची. ‘माका सर्दी आसा.’ एकदा तर म्हणाली, ‘लांबसून चांगला दिसता.’

बारशाला अख्खा पाट आला. बाळाला पाळण्याखालून-वरून देताना प्रत्येकीला घाई. एकीनं शेंगदाण्याची पुडी सोडली तर दुसरी म्हणाली, ‘वाटू नको गो, आदी काकीक विचार. ती आता शेंगदाणोसुद्धा डॉक्टराची चिठ्ठी बगल्याशिवाय देवक देणा नाय!’ सगळ्या हसल्या. काकीही हसली, पण दाराजवळच, दोन्ही हात पदराखाली.

‘रतनकाकी, तुजी पाळी!’

‘माका नको. माका गुडघो.’

‘पाळण्याखाली वाकूचा नाय, नुसता घेवचा.’

‘नको म्हणतंय नाय?’

मी बाळाला घेतलं, तिच्याजवळ गेले आणि खाली बसून तिच्या मांडीवर ठेवलं. विचारलं नाही. पदराखालचे हात बाहेर यायला वेळ लागला. मग ते आले आणि बाळाच्या दोन्ही बाजूंना, न टेकता, हवेत थांबले. बाळानं तिच्याकडे बघितलं, एक हात ताणला, तोंड वेडंवाकडं केलं.

काकीच्या नव्या हिरव्या लुगड्यावर एक काळपट डाग उमटला आणि पसरत गेला. मांडीभर.

काकी आधी नुसती बघत राहिली. मग ती एवढ्या मोठ्यांदा ओरडली की बाहेर मंडपात बसलेले पुरुष उठून दारात आले.

‘मुतला गो! चेडू मुतला! बगा, केदा मुतला!’

तिच्या हातांनी बाळ घट्ट धरलं होतं. बायका हसत होत्या, कोणी दुपटं शोधत होती, कोणी लुगडं पुसायला फडकं घेऊन वाकली. काकीनं तिचा हात बाजूला सारला.

‘पुसू नको,’ ती म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ती ते पुसत नव्हती. ‘वलाच ऱ्हवांदे.’